दसऱ्याला न आलेली दुनळी

सोनिवलीच्या आमच्या घरात आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक होती. डुकरांपासून शेत राखायला घेतलेली. वडिलांच्या काळात मात्र ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला, पाटावर यायची. वडील तिला दुधापाण्याने न्हाऊ घालायचे, हळदकुंकू लावायचे, आणि ते कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही असा घरचा नेम होता.

एका वर्षी होळीच्या सुमारास ती उघडेचना. लायसन्स वडिलांच्या नावावर, म्हणून तेच तिला उल्हासनगरला घेऊन गेले, मी सोबत. मिस्त्री म्हातारे, उभी हयात बंदुकांत गेलेली. त्यांनी बिजागरीत तार घालून लालसर लगदा कागदावर काढला. गंज कुठला आणि कुंकू कुठलं, काही कळत नव्हतं.

"बाबूजी, पूजेनेच खाल्लीय हिला," ते म्हणाले.

बंदूक तिथेच ठेवून निघताना वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मला त्यांची फार कीव आली.

मी आनंदनगरला कारखान्यात होतो, शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी मिस्त्रींच्या स्टुलावर जाऊन बसायचं, हेच माझं काम झालं. ते एकटेच. स्प्रिंगसुद्धा हाताने घासून बनवायचे, मनासारखी झाली नाही की फेकून पुन्हा पहिल्यापासून. कधी डोळ्यांचं दुखणं, कधी दुकानाला कुलूप. मी चिडून घरी यायचो आणि वडील ओटीवरूनच विचारायचे, झाली का रं. पहिला दसरा तसाच आला. वडिलांनी लायसन्सचं पुस्तक पाटावर ठेवलं आणि त्यालाच कुंकवाचं बोट लावलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस असताना मिस्त्री आपणहून म्हणाले, "आता उघडते, मिटते. नळीला काळा रंग चढवायचा बाकी हाय. बाबूजींना घेऊन ये. दसरा करा, मग परत आणा."

नळी पांढुरकी, डागाडागांची दिसत होती. माझं डोकंच फिरलं. दीड वर्ष स्टूल झिजवून हे असलं अर्धवट ध्यान घरी न्यायचं? म्हटलं, पूर्ण करा, मगच नेऊ. घरी सांगितलं की अजून झालेली नाही. वडिलांनी मान हलवली आणि पुन्हा पुस्तक काढलं.

दिवाळीत त्यांनी अंथरूण धरलं. संक्रांत त्यांना दिसली नाही.

बंदूक तोवर तयार झाली होती, जांभळासारखी काळीभोर. पण ज्याचं लायसन्स तोच गेल्यावर ती मला मिळणार नव्हती. मिस्त्री आणि मी मिळून ती पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदाराने दस्त्याला चिठ्ठी बांधली. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "त्या दसऱ्याला न्यायची का, बाबूजींना विचारलं होतंस ना?"

मी हो म्हणालो.

आईने जमा केल्याची पावती देव्हाऱ्यात ठेवली. त्या मेल्या मिस्त्रीने रखडवलं, नाहीतर ह्यांना बघायला मिळाली असती, असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. शेवटपर्यंत सांगत राहिली. मी समोरच बसलेला असायचो, आणि तिला एकदाही अडवलं नाही.