गोऱ्यांच्या भांडणात नाशिककर

माझं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, म्हणून मी तीन गोऱ्यांना घरी मिसळ खायला बोलावलं.

तिघांत महत्त्वाचे एकच. रिचर्डसाहेब, इंग्लंडचे, माझे बॉस. रिन्यूअलवर सही त्यांची. कधीही विचारलं की ते 'इन्शाल्ला' म्हणायचे. (इतकी वर्षं कतारमध्ये राहून माणूस एकच अरबी शब्द शिकला, पण तो कुठे वापरायचा ते मात्र पक्कं शिकला.) ऑस्ट्रेलियाचा ग्लेन आणि अमेरिकेचा डॅन हे फक्त साहेबांना करमावं म्हणून. मुलगी इरा यंदा दहावीला. सही झाली नाही तर ऐन वर्षात गाशा गुंडाळून नाशिक. त्यामुळे बायकोने, म्हणजे वैशालीने, सकाळीच बजावलं होतं, "वाढायचं, हसायचं आणि गप्प बसायचं. तुमचे विनोद आज फ्रीजमध्ये राहू देत."

शुक्रवारी दुपारी मंडळी अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटवर आली आणि बूट काढता काढताच जुंपली. ग्लेन म्हणाला, इंग्लंडात ऊन पडलं की लोक घाबरून पोलिसांना फोन करतात. साहेब म्हणाले, ग्लेनच्या पणजोबांना पोलिसांनीच बेड्या घालून सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियाच्या जहाजात बसवून दिलं होतं. मग डॅन आपल्या देशात सगळं कसं मोठं असतं ते सांगू लागला, तेव्हा दोघांनी आपलं भांडण थांबवून एकदिलाने डॅनला धुतला. आवाजही मोठा असतो, अशी साहेबांनी भर घातली. कोणी चिडेना. उलट प्रत्येक टोमण्यागणिक पाव जास्त संपत होते.

मला भरूनच आलं. ही तर आपलीच माणसं! आमच्या घरी तरी दुसरं काय चालतं? वैशाली कोल्हापूरची. नाशिकच्या मिसळीला ती लग्नापासून 'पथ्याची मिसळ' म्हणत आलीय. मी कधी रागावलोय? (रागावलोय. पण मनात.)

तर मीही उडी घेतली. "बाबा, प्लीज डोन्ट," असं इरा पुटपुटली, पण मी सुटलो होतो.

"साहेब, तुमच्याकडे आजारी माणसाला वेगळं काही खायला देतात, की रोजचंच?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. ते एक वेळ ठीक. पण ग्लेन? इतका वेळ इंग्लंडचे वाभाडे काढणारा ग्लेन हाताची घडी घालून म्हणाला की हे जरा जास्त झालं. डॅनला तर अचानक आपली आजी इंग्लंडातल्या लीड्सची असल्याचं आठवलं आणि तिच्या हातच्या उकडलेल्या बटाट्याच्या आठवणीने त्याने डोळे पुसले. दोन महायुद्धं एका बाजूने लढलेले देश माझ्या डायनिंग टेबलावर पुन्हा एकत्र आले होते, आणि समोरच्या बाजूला मी एकटा. हातात शेव.

वैशाली धावली. "यांचं मनावर घेऊ नका," ती इंग्रजीत म्हणाली. "नाशिकचे आहेत. त्यांच्याकडे तिखट म्हणून मिरचीचा फोटो दाखवतात."

टेबल खदखदून हसलं. सर्वांत जास्त साहेब. हायसं वाटून तेही बोलून गेले, "म्हणजे नाशिककरांना जेवणातलं काही कळतच नाही म्हणा ना."

साहेबांच्या वाटीकडे निघालेला रश्श्याचा डाव अर्ध्या वाटेवरून पातेल्यात परत गेला.

"साहेब," वैशाली म्हणाली, "नाशिकला नावं मी ठेवते. तुम्ही नाही."

मला डोळ्यांसमोर विमानतळ दिसला. चार बॅगा, एक कुकर आणि इराची पुस्तकं. साहेब मात्र ग्लेनकडे बघून गालात हसले, त्यांनी वैशालीची रीतसर माफी मागितली आणि दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. तिने वाढलं. जरा जास्तच तिखट वाढलं. साहेबांनी डोळ्यांतून पाणी गाळत सगळं संपवलं.

रविवारी ऑफिसात त्यांनी बोलावून कागद हातात दिले. सही झालेली. मी माझ्या कामाबद्दल चार शब्द ऐकायच्या तयारीत, मान खाली घालून उभा.

"तुला नाही म्हणणं अवघड नव्हतं," साहेब म्हणाले. "पण ते तुझ्या बायकोला कोण सांगणार?"

संध्याकाळी मी घरी पेढे नेले. काँट्रॅक्ट वाढलं, कामाची कदर झाली, असं सांगितलं. कुणाच्या कामाची, ते काही बोललो नाही.