डालग्याखालचं पिल्लू

बहात्तरच्या दुष्काळात आमची धान्याची कणगी रिकामी होती, म्हणून मांजर तिच्यात व्यालं. तीन पिल्लं. आईला कोण आनंद! दुष्काळी कामावर खडी फोडून यायची ती आधी कणगीत डोकावायची. "बघ गं, आपल्याकडं कुणीतरी ऱ्हायला आलं," म्हणायची.

मग एका सकाळी मांजर एकेकाची मानगूट तोंडात धरून पिल्लं गावच्या सोसायटीच्या गोदामात हलवू लागलं. यात नवल ते काय? तिथं रेशनवर आलेल्या मिलो ज्वारीची पोती, पोत्यांत उंदीर. आमच्या घरात उंदीर तरी कशाला थांबतील? पण आईचं तोंड एवढंसं झालं. "मांजर बी चाललं की गं आपलं घर सोडून," म्हणाली आणि डोळे पुसत कामावर गेली.

मी नऊ वर्षांची, आणि अक्कल लई! दोन पिल्लं गेली होती. तिसऱ्यावर मी कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला. एक इथं अडकलं की मांजर झक मारत बाकीची दोन परत आणील, आई खूश होईल, असं मला वाटलं.

मांजर आलं ते डालग्यापासून हललंच नाही. फटीतून पंजा घालायचं. आतलं पिल्लू ओरडलं की हेही ओरडायचं. दुपार झाली तरी मी हट्ट सोडला नाही. "जा, आण की त्यांना!" म्हणून खेकसलेसुद्धा.

तेवढ्या वेळात गोदामातली दोन्ही पिल्लं बोक्यानं खाल्ली.

संध्याकाळी येताना आईला ते गोदामापाशीच कळलं. घरी येऊन तिनं आधी डालगं उचललं. मांजरानं पिल्लू तोंडात धरलं आणि थेट गोदाम गाठलं. आम्ही मागं धावलो. ते या पोत्यामागून त्या पोत्यामागं शोधत होतं. पिल्लू खाली ठेवायची भीती, आणि तोंडात धरलं तर हाका मारता येईनात.

"ठेव गं बाई खाली, आमी हाव की," आई म्हणाली. त्यानं ठेवलं नाही.

मग आईनं मला जवळ ओढलं. "बोक्याच्या भ्यानं ह्याला झाकून ठिवलंस, बरं केलंस. एक तरी वाचलं. लई गुणाची लेक माझी."

मी तोंड उघडलं नाही. पुढं आयुष्यभर आई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. शेवटच्या दुखण्यात तिनं दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितली. मी उशाशीच बसले होते. तेव्हाही मी गप्प राहिले.