वाळ्याला पाजलेलं पाणी

रेवा दूध पिता पिता झोपलीय आणि माझेही डोळे मिटायला लागलेत. दुपारचे दोन. अंगणात माझा नवरा, प्रफुल्ल, पाइप जोडतोय. त्याची ठकठक हळूहळू लांब जाते. चार वाजता लाइट आली की वाळा लावायला विहिरीचं पाणी उरलेल्या दोन एकरांत सोडायचं आहे. मीच ठरवलंय तसं.

ठकठक थांबते तेव्हा मी वावराच्या बांधावर उभी असते. कडेवर रेवा नाही.

पुढ्यात मामाजी उकिडवे बसलेत, माझ्याकडे पाठ करून. माझे सासरे. जाऊन दीड वर्ष झालं.

"रेवा कुठंय?"

"माह्या वावरात हरभरा कुठंय?" ते वळत नाहीत.

प्रफुल्लला पटवलं होतं, तसंच मी त्यांना सांगते. आपल्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं खारं पाणी हरभऱ्याला चालत नाही, वाळ्याला चालतं. त्याच्या मुळांचं तेल अत्तरवाले घेतात. अर्ध्या एकरात चार महिन्यांपूर्वी लावलाय, बघा, हिरवागार आहे.

"सुजलेलं मानूसही भरलेलं दिसते. माह्याकडे पाहून लोक म्हनत, तब्येत सुधरली तुमची."

आम्ही आता माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहोत. टेबलांमधून सऱ्या काढलेल्या. मी विहिरीचं पाणी ग्लासात ओतते, मीटर बुडवते, क्षाराचा आकडा वाचून दाखवते. आकडा बरोबर आहे.

"हा पान्याचा झाला. मातीले कोनी इचारलं?"

"वाळा क्षार सोसतो, मामाजी."

"वाळा सोसते. वावर सोसते का? माह्या बापानं त्याले पावसाबिगर थेंब नाई दाखोला." मग, "किती देतं पानी?"

"रोज थोडं थोडं. लहान रोपं आहेत."

"तान्ह्या लेकरासारखं."

"हो."

ते हसतात. जिवंतपणी मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. जवळ जाते तर ते दवाखान्यातल्या त्या खुर्चीत आहेत, हाताला डायलिसिसच्या नळ्या. नळ्या जमिनीवरून सरपटत सरीत उतरल्यात.

"मीबी हेच पानी थोडंथोडंच पेलो. रोज. चाळीस वर्सं."

"आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मी न्यायची तुम्हाला. पोटुशी असताना."

"नेलं ना. अन् तेरवी व्हायच्या आंधी पान्याची बाटली तपासाले पाठोली."

"नमुने घ्यायची शेवटची तारीख होती."

"माह्यी नव्हती का?"

पायाखाली पुन्हा वावर आहे, सरीवर क्षाराची पांढरी पापडी.

"खंद," ते म्हणतात.

"खुरपं नाहीये."

"नखं हायेत."

मी खणत नाही. ते माझ्याकडे बघतही नाहीत. मग रेवाचं रडणं ऐकू येतं, जमिनीच्या आतून. मी गुडघ्यांवर बसते. पापडी निघते, खाली बोटभर चिकट ओली साल, आणि तिच्याखाली दगडासारखं घट्ट, कोरडं काहीतरी. मी नखांनी ओरबाडत राहते.

"पानी वरतं वरतं पाजलं, तं वरतंच राह्यलं," मामाजी म्हणतात. "आता कशी खंदून रायली पाहा. माह्या वावरासाठी नाई खंदलं असं."

डोळे उघडतात. रेवा शेजारी रडतेय. तिला घ्यायला मी हात पुढे करते आणि थबकते. दहाही नखांत काळी माती आहे. सकाळच्या आंघोळीनंतर मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. एक नख कोरून बघते. मातीची गोळी होत नाही, भुकटी होऊन चादरीवर पडते. चार महिने रोज पाणी दिलेल्या वावरातली माती, कोरडीठाक.

"लाइट आली," बाहेरून प्रफुल्ल सांगतो. "सोडतो बरं का."

मी रेवाला नुसत्या मनगटांवर उचलते, बोटं तिच्यापासून लांब धरून, आणि त्याला थांबवायला दाराकडे धावते.