काकांच्या चिठ्ठ्या अन् चॅटवरचा मास्तर

पहिलेच सांगून टाकते, त्या माणसाचं नाव मले आजही माहीत नाई. देश माहीत नाई, वय माहीत नाई. एवढंच माहीत आहे का आमची दुपार टळली का त्याची सकाळ व्हायची, कारण तो मधातच लिहून जाये, थांब, कॉफी घेऊन येतो. पण शिकवणं काय असते हे मले ज्यानं दाखवलं तो हाच. शाळा-कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांची माफी मागून लिहून राह्यली.

झालं असं का आमच्या समुद्रपुरात, आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत, एक काका राहत. वनखात्यात चौकीदार होते, तेव्हा रिटायर झालेले. गोंड समाजाचे, घरी गोंडीच बोलत. नोकरीत असताना जंगलाकाठच्या ज्या वस्तीवर ड्युटी लागे तिथले गोंडी शब्द ते लिहून घेत. एका शब्दाले एक चिठ्ठी. वर गोंडी शब्द, खाली मराठी अर्थ, अन् उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात गावाचं नाव, म्हणजे हा शब्द कोणत्या गावच्या माणसानं सांगतला ते. एर म्हणजे पाणी, रोन म्हणजे घर, अशा हजाराच्या वर चिठ्ठ्या चपलांच्या खोक्यांत भरलेल्या. शब्द सांगणाऱ्या प्रत्येकाले त्यांनी एकच शब्द दिलेला: पुस्तक निघन तेव्हा तुमच्या गावाचं नाव त्यात राहीन.

अन् ते पुस्तक आता निघून राह्यलं होतं. समाजाचा मेळावा ठरला रविवारी. हिंगणघाटचा प्रेसवाला म्हणाला, गुरुवारी सकाळी पानं द्या, शनिवारी पुस्तिका न्या, एक दिवस इकडे-तिकडे नाई होणार. पण चिठ्ठ्या अनुक्रमानं लावायच्या राह्यल्या होत्या, नाई तर त्यात कोणाले काय सापडन? काकांनी दोनदा घरभर मांडून पाह्यल्या. दुसऱ्यांदा ‘म’ पर्यंत पोचले अन् गेलेली लाईट आली. पंखा चालूच राहून गेलता. सगळ्या चिठ्ठ्या उडाल्या, त्या कोपऱ्यातली नावं पाहून परत गावागावाच्या खोक्यांत भरल्या अन् मंग ते माह्याकडे आले.

माह्याकडे काऊन? कारण मी मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास होती अन् बी.एस्सी.ले कॉम्प्युटर होता. कॉलेजात एका सिनियर पोट्ट्यानं मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मले सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, टाकून देलतं, म्हणे याच्यात एका ओळीत हजार शब्द रांगेत लागते. मी काकाले सांगून टाकलं, तुमी काळजी नका करू जी, एका ओळीचं काम आहे. एक ओळ, म्हणे! आठ दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या टाईप केल्या. बियाण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते, तिथंच आमचा सायबर कॅफे. ती एक ओळ चालवली. अन् स्क्रीनवर आलं भलतंच. सगळ्यात आधी एर, मंग ठ, मंग ड, ट, मंग ब, मंग कुठं क, अन् क च्या मागोमाग म. बारक्या वेलांटीचे शब्द तर सगळे एकाच जागी गोळा होऊन बसले, जसं काही लग्नात एका गावचे लोकं.

सिनियर पोट्टा गावाले गेलता. मंग त्यानंच कधी सांगतलेली इंग्रजी चॅटची खोली उघडली. तिथं जगभरातले लोकं बसून राहत अन् नवशिक्यांना पायथॉनचं सांगत. फुकट. मी आत गेल्या गेल्या लिहिलं, गुड इव्हनिंग सर, सर मी एक प्रश्न विचारू शकते का सर. कोणीच बोलेना. पाच मिनिटांनी परत तेच लिहिलं, या खेपेले चार वेळा सर. तेव्हा एकानं लिहिलं का इथं कोणी सर नाई, अन् विचारायची परवानगी मागू नको, सरळ विचार. सरळ म्हणता का? मी माही ती एक ओळ अन् तिच्यातून निघालेले शब्द, अशा चाळीस ओळी धाडकन तिथं चिकटवल्या. दुसऱ्या सेकंदाले खोलीच्या बाहेर! तिथं एक आपोआप चालणारा पहारेकरी होता, एवढं एकदम चिकटवलं का तो धरून बाहेर काढे. लांब मजकूर वेगळ्या पानावर टाकायचा अन् खोलीत फक्त त्याचा पत्ता द्यायचा, असा तिथला रिवाज. मले काय माहीत.

परत आत गेली तं ज्यानं सरळ विचार म्हटलं होतं तोच माह्यासाठी थांबून होता. हाच तो. तो इंग्रजीत लिहे, मी इथं आपल्या बोलीत सांगते. त्यानं विचारलं, तुले काय यायले पाह्यजे होतं अन् काय आलं? मी पानभर लिहिलं. तो म्हणाला, हजार नको, दोनच शब्द घे. दोनच चुकीच्या जागी आलेले. मी एर अन् एक क चा शब्द घेतला. मंग म्हणे, आता कॉम्प्युटरले विचार, या शब्दांत खरोखर कोणती अक्षरं आहेत ते छापून दाखव म्हणा, फॉन्ट नको लावू. मी छापलं. एर च्या जागी काय आलं, तं स्वल्पविराम अन् इंग्रजी जे!

अन् तिथं मले हासूच आलं बाप्पा. आपला मराठीचा फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा होता. आत सगळी इंग्रजी अक्षरं. डी दाबलं का क दिसते, ई दाबलं का म दिसते. डी च्या मागं ई, म्हणून क च्या मागं म. अन् बारकी वेलांटी टायपिंगमध्ये अक्षराच्या आधी मारायची असते, म्हणून ते सगळे शब्द एका जागी. दोन वर्षं इन्स्टिट्यूटमध्ये माह्या बोटांनी हेच केलं होतं. बोटाले सगळं माहीत, डोक्याले पत्ता नाई.

मले वाटलं आता हा दोन मिनिटांत प्रोग्राम लिहून देईन. त्याले येत होतं, हे दिसतच होतं. पण नाई. तो म्हणाला, तुमच्या भाषेत कोण कोणाच्या आधी उभं राहते हे मले माहीत नाई, या खोलीत कोणालेच माहीत नाई. तो तक्ता फक्त तू बनवू शकते. मी आजवर कोणत्याही परीक्षेत एवढी ताठ बसली नसन. अ पासून ज्ञ पर्यंत तक्ता बनवला, प्रत्येकाच्या समोर आकडा. मी इतकी घाईनं टाईप करू का एका ओळीत तीन चुका, अन् तो एकदाही रागावला नाई. चूक सांगेही नाई. फक्त विचारे, सातव्या ओळीत काय होऊन राह्यलं ते मले तुह्या शब्दांत सांग. मी सांगायले लागली का अर्ध्यातच चूक दिसे. मधामधात दुसरे नवशिके येत, तेच ते प्रश्न विचारत, तो त्यायलेही तसंच सांगे, जसं काही तो प्रश्न पहिल्यांदाच ऐकून राह्यला.

इकडे बियाणेवाले दादा पडद्यातून डोकावत. नेट त्यायच्या फोनच्या लाईनवरच चाले. म्हणे, “मॅडम, तुमच्या त्या पायथॉनपायी माहा फोन दोन घंट्यापासून एंगेज आहे. गिऱ्हाईक समजून राह्यले का मी मेलो.”

बुधवारी चारच्या सुमाराले शब्द रांगेत लागले. क, ख, ग, एकदम शहाण्यासारखे. मी खोलीत पाच ओळी नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांच्या टाकल्या अन् लिहिलं, झालं, चालली मी छापायले. त्यानं लिहिलं, “छापायच्या आधी एक. आत किती गेले अन् बाहेर किती आले, मोजलं का?”

कुठं मोजलं. मोजले तं साठेक कमी. मी डोकं लावलं, अन् कळलं. मी शब्दांची एक पेटी बनवली होती, प्रत्येक शब्दाचा एक कप्पा, कप्प्यात अर्थ अन् गाव. तोच शब्द दुसऱ्यांदा आला का कप्प्यातलं जुनं बाहेर, नवीन आत. म्हणजे जे गेले ते दुहेरी शब्दच. मी त्याले बिनधास्त लिहिलं, काही नुकसान नाई, तेच शब्द आहेत. तो म्हणाला, असन. पण हे मी नाई ठरवू शकत, तूही नाई. शब्द ज्याचे आहेत त्याले विचार.

अन् खरं सांगू का, मले तेव्हा त्याचा राग आला. साडेचार वाजलेले, सहाले दुकान बंद. पण गळालेल्या शब्दांची यादी छापून मी पळतच काकाकडे गेली. काका ओसरीवर बसले होते. ते शब्दांकडे पाहतच नव्हते, फक्त कोपऱ्यातल्या गावांवरून बोट फिरवत गेले. मंग थांबले. जंगलाकाठची एक वस्ती, सहा घरांची. काका तिथं नोकरीच्या अगदी शेवटी गेलते, तोवर बहुतेक शब्द दुसरीकडून मिळालेले, म्हणून तिथला एकही शब्द नवा नव्हता. त्यायचं खोकं सगळ्यात वर होतं, म्हणून मी पहिले तेच टाईप केलं, अन् मागून आलेल्या गावांनी त्यायले कप्प्यांतून बाहेर काढलं. सगळेच्या सगळे. पुस्तकात ती वस्ती उरलीच नव्हती.

मी म्हटलं, काका, शब्द तं तेच आहेत न.

“शब्द तोच असन बाई, सांगणारा तोच नसते न,” काका म्हणाले. “मी त्यायले जबान देली आहे. सहाही घरचे येऊन राह्यले रविवारी.”

परत दुकानात. दादा नेट काढायच्याच बेतात होते, त्यायले भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याले फोन लावायचा होता. मी सहा घरांचं सांगतलं. त्यायनं पायात चपला घातल्या अन् म्हणाले, मी एसटीडीवरून लावून येतो, तोवर उरकवा. मी चॅटवर लिहिलं का तू बरोबर होता, एक गाव मिटलं होतं. त्यानं मले शाबासकी नाई देली, मी चुकली असंही नाई म्हटलं. एवढंच विचारलं, त्या कप्प्यात एकच गोष्ट मावते असं तुले कोणी सांगतलं?

मंग बोटं जी सुटली! कप्प्यात एक चिठ्ठी नाई, चिठ्ठ्यांची अख्खी माळ ठेवायची. जुनी काढायचीच नाई, नवी तिच्या मागं लावायची. तीन ओळी बदलल्या. आत जेवढे गेले तेवढेच बाहेर आले. मी ते दोन्ही आकडे त्याले पाठवले. त्यानं लिहिलं, आता छाप. अन् खाली कोणीतरी नवीन आलं होतं, त्याचा प्रोग्राम काहीच छापत नव्हता. तो त्याले विचारायले लागला, तुले काय यायले पाह्यजे होतं.

गुरुवारी पहिल्या बसनं पानं गेली. रविवारी मेळाव्यात काका दारातच पुस्तिका घेऊन उभे, मी त्यायच्या बाजूनं. त्या वस्तीतले लोकं उशिरा आले. त्यायच्यातल्या एका माणसानं, असन पन्नाशीचा, पुस्तिका घेतली अन् तिथंच उघडली. बोट क वर, ख वर, खाली-खाली. दोन पानं उलटवली. मंग एका ओळीवर बोट ठेवून सोबतच्याले दाखवलं. तिथं एका शब्दापुढे तीन गावं होती अन् पहिलं त्यायचं होतं.

मले वाटलं आता तो काही चांगलं बोलन. तो काकाकडे वळून म्हणाला, “हा अर्थ आमच्याकडचा नाई जी. हे त्या दोन गाववाल्यायचं झालं. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा होते.”

काकांचा चेहरा असा उजळला का काय सांगू. हातातल्या पुस्तिका माह्याकडे दिल्या, खिशातून पेन्सिल अन् एक कोरी चिठ्ठी काढली, अन् त्या माणसाले घेऊन मांडवाच्या कडेले सतरंजीवर जाऊन बसले. जेवणाच्या पंगती उठायले लागल्या तरी दोघं तिथंच होते.