बाणामागची खिडकी

वारा कसा तयार होतो ते मी शिकवत होते आणि वर्गात वाऱ्याचा पत्ता नव्हता. अमडापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. सहावीची खोली पत्र्याची. मार्च सरत आलेला, दुपारी वीज हमखास जायची. पोरं पुस्तकांनी वारा घेत बसायची आणि मी त्यांना भिंतीवरचं चित्र दाखवायची.

आमच्या भिंती 'बोलक्या' होत्या. मी बदलून येण्याआधीच शाळा समितीने त्यांच्यावर धडे रंगवून घेतले होते. या भिंतीवर समुद्र, जमीन आणि तापून वर जाणाऱ्या हवेचा लालभडक बाण होता. खाली देणगीदाराच्या वडिलांचं नाव. समुद्र एकाही पोराने पाहिलेला नव्हता, बाण मात्र सगळ्यांना पाठ.

दाराजवळ पिंजाऱ्याची मुलगी बसायची. घरी गाद्या भरायचं काम. कापसाच्या धुळीने तिला दमा जडलेला. एका दुपारी वर्गात तिला इतका दम लागला की ओठ निळे पडले. मी तिला उचलून बाहेर निंबाखाली नेलं, दप्तरातला पंप तोंडाला लावला. आई धावत आली. मला वाटलं, ही आता माझ्यावर तुटून पडणार. पण ती हळूच म्हणाली, "घरी कापूस उडते म्हून इथं धाडतो, मॅडम. इथं तरी पोरगी श्वास घेईन म्हटलं. आता आणखी एक डाव असं झालं तर मी तिले नाही धाडत."

सहावीत सुटलेली मुलीची शाळा पुन्हा धरत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी घाबरले.

त्याच आठवड्यात मी कागदाचा साप केला. गोल कागद वेटोळा कापायचा, दोऱ्याला टांगायचा, खाली पणती ठेवायची. साप गरगर फिरला. पणतीने हवा तापते, हलकी होऊन वर चढते, तिच्या जागी बाजूची गार हवा येते. हेच मोठ्या प्रमाणावर झालं की वारा. पोरं खूश. मग त्यांना वाटलं, पत्र्याखाली तर पणतीची गरजच नाही, तिथे भट्टीच आहे. टेबलावर चढून त्यांनी साप वरच्या गजाला बांधला. तो ढिम्म हलेना.

काऊन नाही फिरत, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं, वरची हवा तापून वरच अडकली आहे. तिला बाहेर पडायला वाट हवी. ती गेल्याशिवाय दारातून नवी यायची नाही.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या लाल बाणाच्या मांगं खिडकी हाय. मी दुसरीत असतानी तिथून चिमण्या यायच्या."

मी बाणावर वाजवून पाहिलं. खरंच होतं. चित्र अखंड यावं म्हणून झरोका विटांनी बुजवला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वारा शिकवणाऱ्या भिंतीनेच वारा अडवला होता.

समितीच्या अध्यक्षांकडे मी गेले. ते म्हणाले, भिंत फोडली तर देणगीदाराचा अपमान होईल. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्याच, तोवर कळ काढा. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले. पालथ्या घड्यावर पाणी. पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं, आणि माझी तीही तयारी होती.

मधेच मुलीला पुन्हा दम लागला. आईने तिला दवाखान्यात नेलं. मुलगी वाचली, पण जाताना आई दप्तरही घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाआधीच मी बागेची पहार घेऊन टेबलावर चढले आणि बाणावर घाव घातला. कुणालाही विचारलं नाही. हाताला फोड आले, पण झरोका मोकळा झाला. दुपारी वीज गेली आणि गजाचा साप हळूच वळला, मग फिरू लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी खुर्चीत बसून त्यांच्यादेखत रडले.

संध्याकाळी तो साप घेऊन मी पिंजाऱ्याच्या घरी गेले. पिंजताना हे लोक खिडक्या लावून घेतात, नाहीतर वाऱ्यावर कापूस गावभर होतो. मुलगी नाकाला ओढणी बांधून गादीत कापूस भरत होती. मी आईला सांगितलं, खिडकी उघडली, आता वर्गात हवा खेळते, उद्यापासून पाठवा. ती कापूस पिंजत राहिली.

"साप फिरला?" मुलीने विचारलं.

"फिरला."

तिने वर आपल्या घराच्या पत्र्याकडे पाहिलं. "मंग आपल्या इथंही एक भोक पाडू नं, अम्मी."

आईचे हात थांबले नाहीत. "हवा आली का कापूस उडते, बेटा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तेवढं दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं.