जाळ्याचा बोया

शेजारचे काका कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि नुसतं ऐकतात. मग ते त्यांच्या बोटीचं इंजिन असो, नाहीतर माझ्या खोलीतला संडास.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला, डहाणू रोडच्या एका लॉजवर कामाला. कशीबशी खोली मिळाली आणि फ्लश वाहायचा थांबेना. गच्चीवरची टाकी सारखी रिकामी होऊ लागली, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "उद्यापर्यंत बंद कर, नाहीतर खोली सोड."

काकांनी फ्लशच्या टाकीतला प्लास्टिकचा गोळा काढून कानाशी हलवला. "पाणी प्यायलाय. तरंगतच नाय, तर पाणी बंद कसं होणार?" घरून त्यांनी मासे पकडायच्या जुन्या जाळ्याचा तरंगता बोया आणला आणि जाळ्याच्याच दोऱ्यानं गोळ्याच्या दांडीला बांधला. पाणी चढलं, बोया वर आला, आवाज थांबला. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी ती गाठ सोडून टाकली. पाणी पुन्हा वाहू लागलं.

"आता तू बांध."

"काका, तुमचीच राहू द्या ना."

"मी बोटीवर गेलो म्हंजे कोणाला बोलावशील? परभणीवरनं आईला?"

मी गाठ मारली. ते डोळे मिटून ऐकत बसले. पाण्याचा आवाज थांबला, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

खालून मालकीणबाईंनी विचारलं, "झालं का रे? कोणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनीच सांगितलं, "पोरानं केलं. कामाचा हाय, राहू द्या."