भुताच्या मॅडम

मॅडम वर्गात आल्या की आधी लोखंडी कपाटावर थाप मारायच्या. अख्खी सातवी दचकायची आणि त्या खदखदून हसायच्या. आष्टीजवळच्या आमच्या गावानं त्यांचं नावच भुताच्या मॅडम पाडलं होतं. त्याआधी इंग्रजीच्या तासाला आम्ही मागच्या बाकांवर लपायचो. या बाईनं भुताखेतांचे वाक्प्रचार आणले आणि पोरं पहिल्या बाकासाठी भांडायला लागली.

मॅडम जालन्याच्या, मारवाडी घरातल्या. "डरायचं बाद में, आधी अर्थ सांगा," हे त्यांचं ठरलेलं. 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' म्हणजे आमच्या वर्गातल्या गणेशचे वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यात करतात ती रातपाळी. एकदा त्यांनी कपाटाच्या दाराला आतून खडूनं सांगाडा काढला आणि दार खाडकन उघडलं. आम्ही किंचाळलो. मग 'स्केलेटन इन द कबर्ड' म्हणजे घरानं लपवलेली गोष्ट, हे डोक्यात पक्कं बसलं.

नेमकी त्या दिवशी अमावास्या होती, आणि संध्याकाळी मला ताप भरला.

अरे, भरणारच होता! आदल्या दिवशी मी मोसंबीच्या बागेतल्या टाकीत दुपारभर डुंबले होते. पण माझा चुलता शाळेच्या समितीत. "अवसेला हाडकं दाखवती लेकरायला! बाधा झाली आमच्या पोरीला," म्हणून तो गावभर बोंबलत सुटला.

दुसऱ्या दिवशी समिती बसली आणि मलाही तापात उचलून नेलं. मॅडमची नोकरी कायम नव्हती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हेडमास्तरांनी तोडगा काढला. मॅडमनी वर्गात नारळ फोडायचा, माझ्यावरून लिंबू उतरवायचं, की विषय संपला.

"सर, मी लिंबू उतरवलं तर पोरं म्हणतील, भूत खरंच होतं," मॅडम म्हणाल्या. "तिला डॉक्टरकडं न्या. मी नेते, आत्ता."

"काका, मी टाकीत डुंबले होते!" मी ओरडले.

"तू गप! तुझ्या तोंडून ते भूतच बोलून राह्यलंय."

माझा आवाजसुद्धा माझा राहिला नाही! हेडमास्तरांची स्वतःची लेक शहरात इंग्रजी शाळेत. ते टेबलावरची धूळ पुसत बसले. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मॅडमनी लिंबाला हात लावला नाही. चुलता म्हणाला, "मंग तुमचं इथं काही काम न्हाई." जाताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "तापाची गोळी बराबर घे," एवढंच म्हणाल्या आणि एसटीकडं चालू लागल्या.

ताप उतरल्यावर मी शाळेत गेले. सांगाडा पुसलेला होता आणि वर्गाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली. नवे सर धडा वाचत होते. कुणी दचकत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. मी बाक ओढला, वर चढले आणि ते लिंबू तोडून बाहेर भिरकावलं.

संध्याकाळी चुलत्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. "भ्याव न्हाई वाटत तुला?"

"डरायचं बाद में," मी म्हणाले. "आधी अर्थ सांगा."

त्यानं पुन्हा हात उचलला. अर्थ मात्र अजून सांगितलेला नाही.